‘बदलापूर’ आणि खऱ्या गुन्ह्यांचे चित्रपट: काही गैरसमज

‘बदलापूर’ हा चित्रपट बदलापुरात घडलेल्या गुन्ह्यावर आहे.

नाही. श्रीराम राघवन यांचा हा चित्रपट फेब्रुवारी २०१५मध्ये आला आणि त्याचे मूळ इटालियन लेखक मास्सिमो कार्लोत्तो यांच्या कादंबरीत आहे. दरोड्यात बायको-मुलगा गमावलेला माणूस आणि कर्करोगाने ग्रासलेला कैदी, हा सांगाडा तिकडचाच. पडद्यावरही दरोडा पडतो पुण्यात. बदलापूर हे नायकाने नंतर जवळ केलेले गाव. तरी समज टिकतो, कारण गाव खरे आहे आणि त्याच्या नावात ‘बदला’ आयताच सापडतो. २०२४च्या तिथल्या बालअत्याचार प्रकरणानंतर तर गावाचे नाव गुन्ह्याशीच जोडले गेले. चित्रपट मात्र त्याआधी नऊ वर्षे येऊन गेला होता. गंमत म्हणजे खुद्द कार्लोत्तो खुनाच्या खटल्यात तुरुंगात गेले होते; १९९३मध्ये त्यांना राष्ट्राध्यक्षांची माफी मिळाली. खऱ्या खटल्याची सावली शोधायचीच, तर ती उल्हास नदीकाठच्या बदलापुरात नव्हे, इटलीत सापडेल.

नावे बदलली की २०२४च्या प्रकरणावर हवे ते दाखवता येते.

या प्रकरणाच्या निषेधार्थ २० ऑगस्ट २०२४ रोजी बदलापूर स्थानकात लोक रुळांवर उतरले, लोकल तासन्‌तास खोळंबल्या. सगळे जगजाहीर झाले, मग लपवायचे काय, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण बाललैंगिक अत्याचारविरोधी पॉक्सो कायद्याचे कलम २३ केवळ नावापुरते नाही. पत्ता, छायाचित्र, कुटुंबाचा तपशील, शाळा, शेजारपाजार, ओळख पटेल असे काहीही माध्यमांतून उघड करता येत नाही. विशेष न्यायालय परवानगी देऊ शकते, तीही बालकाच्या हिताची असेल तरच. अंबरनाथ-बदलापूरसारख्या ठिकाणी गणवेशाचा रंग, फाटक आणि समोरचा रिक्षा स्टँड एका चौकटीत आला, तरी माहीतगाराला घर सापडते. शिवाय मुख्य आरोपी २३ सप्टेंबर २०२४ रोजी पोलिसांच्या गोळीने मारला गेला. त्याच्यावरील आरोपांचा न्यायालयात निवाडा झालाच नाही. पटकथेत त्याला न्यायालयाने दोषी ठरवलेले दाखवले, तर ती निव्वळ कल्पना ठरेल.

घरच्यांच्या परवानगीशिवाय खऱ्या खटल्यावर चित्रपट काढता येत नाही.

निर्माते कुटुंबांशी करार करतात, म्हणून तसे वाटते. तो करार बहुधा बदनामीचा दावा टाळण्यासाठी आणि घरातला तपशील मिळवण्यासाठी असतो. न्यायालयीन कागदपत्रांसारख्या सार्वजनिक नोंदींवर आधारलेल्या प्रकाशनाला संमती लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४मध्ये ‘ऑटो शंकर’ प्रकरणात सांगितले. अपवादही तिथेच नोंदवला: लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख.

खटला चालू असेल तर चित्रपट बनवताच येत नाही.

मुंबई बॉम्बस्फोटांवरचा ‘ब्लॅक फ्रायडे’ निकालाआधीच तयार होता. मुंबई उच्च न्यायालयाने अडवले ते प्रदर्शन. २००७मध्ये तो झळकला.

सेन्सॉरने सोडला म्हणजे पडद्यावरचे खरे.

मंडळ सभ्यता, बदनामी, न्यायालयाचा अवमान असे निकष लावते. घटना पडताळून पाहणे हे त्याचे काम नाही. ‘सत्य घटनेवर आधारित’ या पाटीचे वजन त्यामुळे बेताचेच. नानावटी खून खटल्यावर बेतलेल्या ‘रुस्तम’मध्ये नायक सुटतो. ज्युरीने नानावटींना निर्दोष मानले होते, एवढे खरे. पण उच्च न्यायालयाने तो कौल नाकारून जन्मठेप दिली आणि १९६१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. नानावटी सुटले ते १९६४मध्ये, राज्यपालांच्या माफीने.