समुद्राची गोष्ट – भाग ६ : पाऊणकीत बसलेली भरती

आज चतुर्थी, मग भरती किती वाजता? कोकण किनाऱ्यावरची जुनी माणसं याचं उत्तर बोटांवर काढतात. तिथीची पाऊणपट करायची. चारची पाऊणपट तीन, म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमारास, पहाटे आणि पुन्हा दुपारी. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा उलटली की पुन्हा एकपासून मोजणी सुरू.

गेल्या आठवड्यात पाहिलेल्या लाटा वाऱ्याने उठवलेल्या होत्या. भरतीचा धनी मात्र चंद्र, आणि ही पाऊणकी त्याच्याच चालीतून आली आहे. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी घेते तोवर चंद्र आपल्या कक्षेत सुमारे १३ अंश पुढे सरकलेला असतो. त्याला पुन्हा डोक्यावर आणायला पृथ्वीला आणखी ५० मिनिटं फिरावं लागतं. म्हणून भरती रोज सरासरी ५० मिनिटांनी उशिरा येते. पाऊणकीत ती ४५ धरली आहेत. पाच मिनिटांची ही तूट साठत जाते. पौर्णिमेचा हिशेब सव्वाअकरा येतो, तर मुंबईत त्या दिवशी भरती बाराच्या आसपास लागते.

दिवसातून दोनदा भरती का? चंद्राच्या बाजूचं पाणी पृथ्वीच्या मध्यापेक्षा जास्त जोराने ओढलं जातं, पलीकडच्या बाजूचं कमी. या फरकामुळे पाणी दोन्ही अंगांना फुगतं. सूर्यही ओढतोच, पण त्याचा भरतीवरचा जोर चंद्राच्या निम्म्याहून कमी. अमावास्या-पौर्णिमेला दोघे एका रेषेत येतात आणि उधाण येतं. अष्टमीच्या सुमारास ते काटकोनात असतात, तेव्हा भांगाची भरती.

कोळीवाड्यात उधाण आणि भांग यांवर कामाचा आठवडा ठरतो. वसई-वर्सोव्याकडचं डोल जाळं माशांचा पाठलाग करत नाही. लांबलचक पिशवीसारखं हे जाळं तोंड प्रवाहाकडे करून समुद्रात एका जागी बांधलेलं असतं. भरती-ओहोटीचं पाणी वेगाने आत शिरतं आणि बोंबील, जवळा, करंदी घेऊन येतं. उधाणात पाण्याला ओढ असते, जाळं भरतं. भांगात पाणी मंदावतं, जाळं सैल पडतं. ते वाळवायला आणि शिवायला हेच दिवस सोयीचे.

पाऊणकी चेन्नईला मात्र चालणार नाही. खंड आडवे नसते तर फुगवटा चंद्रामागे सरळ फिरला असता. प्रत्यक्षात भरती ही हजारो किलोमीटर लांबीची लाट आहे. ती किनाऱ्यांवर आपटत, वळत, प्रत्येक बंदरात आपापल्या वेळी पोचते. तिची उंचीही किनाऱ्याच्या आकारावर ठरते. भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी भरती जेमतेम जाणवते. खंबातचं आखात नरसाळ्यासारखं निमुळतं होत जातं, त्यामुळे तिथे पाणी दहा मीटरच्या घरात चढतं-उतरतं. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात हा फरक १६ मीटरपर्यंत जातो. त्या उपसागरातलं पाणी स्वतःच साधारण तेवढ्याच वेळात मागेपुढे हेलकावतं, जेवढ्या वेळाने भरती येते. झोका नेमक्या क्षणी ढकलावा तसं होतं.

पावसाळ्यात मुंबईकर ‘आज साडेचार मीटरच्या लाटा’ अशी बातमी वाचतात आणि मरीन ड्राइव्हवर तेवढी लाट शोधतात. तो आकडा लाटेचा नसतोच. बंदराच्या नकाशात ओहोटीची जी अगदी खालची पातळी शून्य धरलेली असते, तिच्यापासून भरतीचं पाणी किती वर येईल, ते त्यात सांगितलेलं असतं. लाटा त्याच्यावर वेगळ्या. त्या वेळी मुसळधार पाऊस असला, तर समुद्राकडे जाणाऱ्या नाल्यांची तोंडं पाण्याखाली जातात आणि शहरातलं पाणी ओहोटी लागेपर्यंत तुंबून राहतं.