पाषाणाची माती होते तेव्हा

कृष्णाकाठची काळीभोर जमीन ही सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांची खरी दौलत होय. ही माती मूळची सह्याद्रीचा पाषाण आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हा बाहेर पडला आणि त्याचे थरांवर थर थंड होऊन काळा बेसाल्ट खडक तयार झाला. तेव्हापासून ऊन, वारा आणि पाऊस त्याची अखंड झीज करीत आहेत.

खडक कसा कुजतो?

थंड होतानाच बेसाल्टला भेगा पडतात. हवेतील कर्बवायू मिसळून किंचित आम्लधर्मी झालेले पावसाचे पाणी या भेगांत शिरते आणि खडकातील खनिजांचे हळूहळू विघटन करते. कोपऱ्यांना पाणी अनेक बाजूंनी भिडते, म्हणून ते आधी झिजतात. घाटरस्त्याच्या कडेला कांद्याप्रमाणे पापुद्रे सुटलेले गोल गोटे दिसतात, ते यामुळेच. या पापुद्र्यांचा भुगा म्हणजे मुरूम. मुरूम आणखी कुजला की त्याची माती होते. खडक असा जागच्या जागी कुजणे म्हणजे विदारण, तर सुटी झालेली माती पाण्याने वा वाऱ्याने वाहून जाणे म्हणजे धूप.

एक खडक, अनेक रूपे

महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. दीर्घकाळच्या अशा उष्ण व दमट हवामानात खडकातील सिलिका धुऊन गेली, लोह व ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहिली आणि तांबडा जांभा बनला. पाचगणीचे टेबललँड व कासचे पठार यांचा माथा जांभ्याचाच आहे. २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या कासचे फुलांचे ताटवे जांभ्यावरील मातीच्या पातळ थरावर फुलतात. पूर्वेकडे माण, आटपाडी व जत भागांत पाऊस अपुरा. तेथे खडक सावकाश कुजतो आणि माळांवर उथळ, मुरमाड जमीन आढळते. कृष्णा, कोयना व वारणा या नद्यांनी वाहून आणलेला गाळ मात्र कराड, वाळवा व मिरज परिसरात साचला. ओलावा धरून ठेवणारी ही माती उसाला मानवली.

उतारावरील धोका

बोटभर माती घडण्यास शेकडो वर्षे लागतात. वाहून जाण्यास एखादा मुसळधार पाऊस पुरतो. डोंगरउतारावर तर प्राणांशीच गाठ असते. कुजलेल्या खडकावरील माती पाण्याने जड झाली की तिची पकड सुटते. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पाटण तालुक्यातील आंबेघर व मिरगाव येथे दरडी कोसळून मनुष्यहानी झाली. उतारावर नव्या भेगा पडणे, झाडे वा खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे या धोक्याच्या सूचना आहेत. त्या दिसताच सुरक्षित जागी हलावे व प्रशासनाला कळवावे.

शेतजमिनीसाठी उताराला आडवी नांगरट व पेरणी, समतल चर, ताली आणि बांधावरील गवत हे उपाय शेतकऱ्यांच्या आवाक्यातील आहेत. विदारण निसर्ग करतो आणि ते थांबविणे आपल्या हाती नाही. त्याने लक्षावधी वर्षांत घडविलेली माती शिवारातच अडविणे मात्र आपल्या हाती आहे.