परसातील मधपेटी : तीन ऋतूंची निगा
जोडधंदा म्हणून घरामागे दोन-चार मधपेट्या ठेवणारे अनेक जण पहिल्या उन्हाळ्यात मध काढतात आणि पहिल्याच पावसाळ्यात वसाहत गमावून बसतात. पेटी रिकामी झाली की "माश्या नशिबात नव्हत्या" असे म्हटले जाते. वास्तविक बहुतेक वेळा दोष नशिबाचा नसून निगेचा असतो. दिव्य कुरआनातील सोळाव्या सूरहला मधमाशीचेच नाव (अन्-नहल) आहे. या लहानशा जिवाकडून लाभ घ्यायचा तर त्याचा हक्कही सांभाळला पाहिजे.

कोकणात व सह्याद्रीच्या पट्ट्यात पेटीत पाळली जाणारी देशी माशी म्हणजे सातेरी. आग्या माशी उघड्यावर एकच मोठे पोळे बांधते, ती पेटीत राहत नाही. सातेरी मात्र अंधाऱ्या जागी अनेक समांतर पोळी बांधते, म्हणूनच ती पेटीत नांदते. वर्षाकाठी एका चांगल्या वसाहतीपासून साधारण ५ ते १० किलो मध मिळू शकतो.

पावसाळा : जून ते सप्टेंबर हा उपासमारीचा काळ होय. फुलोरा कमी आणि सततच्या पावसामुळे माश्यांना बाहेर पडता येत नाही. या दिवसांत पुढील काळजी घ्यावी :

१) पेटीत साठा नसेल तर एक किलो साखर एक लिटर उकळलेल्या पाण्यात विरघळवून, गार करून पाक द्यावा. तो संध्याकाळी व पेटीच्या आतच ठेवावा. दिवसा किंवा बाहेर ठेवल्यास शेजारच्या वसाहतीच्या माश्या येऊन लुटालूट सुरू होते. गुळाचा पाक देऊ नये.

२) छप्पर गळत नाही ना हे पाहावे. पाणी आत साचू नये म्हणून पेटी प्रवेशद्वाराकडे किंचित उतरती ठेवावी. दार लहान करावे.

३) माश्यांनी न व्यापलेली पोळी काढून घ्यावीत व तळपाट आठवड्याला साफ करावा. रिकाम्या पोळ्यात आणि तळाच्या मेणकचऱ्यातच मेणकिडा वाढतो. तो वाढला की वसाहत पेटी सोडून जाते.

४) स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत म्हणजे मुंग्या चढत नाहीत.

हिवाळा : पाऊस ओसरल्यावर कारळे, तीळ व रानफुले फुलतात, राणी अधिक अंडी घालते आणि वसाहत वाढीला लागते. जागा अपुरी पडली की पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्याच्या आकाराची राणीघरे दिसू लागतात. वसाहत फुटण्याची ही खूण आहे. अशा वेळी जागा वाढवून द्यावी अथवा वसाहत विभागून दुसरी पेटी तयार करावी.

पिलाव्याची पाहणीही याच काळात करावी. १९९०च्या दशकाच्या आरंभी थाई सॅकब्रूड या विषाणुजन्य रोगाने दक्षिण भारतात सातेरीच्या असंख्य वसाहती नष्ट केल्या. या रोगात अळी घरातच पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी होऊन मरते. त्यावर खात्रीचे औषध नाही. रोगट पेटी वेगळी ठेवणे, तिच्या चौकटी दुसऱ्या पेटीत न घालणे आणि वसाहती सशक्त राखणे, हाच उपाय.

उन्हाळा : जांभूळ व हिरडा फुलला की मधाचा हंगाम येतो. पेटी सावलीत असावी व जवळ उथळ भांड्यात पाणी ठेवावे. मध फक्त वरच्या मधकोठीतून आणि मेणाने बंद केलेल्या घरांतूनच, मधयंत्राने काढावा. कच्च्या मधात पाणी जास्त असते व तो आंबतो. सर्वसाधारण मधात पाण्याचे प्रमाण २० टक्क्यांहून अधिक नसावे, असा अन्न सुरक्षा नियम आहे. खालच्या पिलाव कोठीतील मधाला हात लावू नये. ती माश्यांची पावसाळ्याची शिदोरी आहे. ती आपण ओरबाडली तर जूनमध्ये पेटी रिकामी होणारच.

सुतारबंधूंसाठी : पेटीचे सारे तंत्र मोकळ्या फटीत आहे. सातेरीच्या पेटीत चौकट व भिंत यांमध्ये साधारण ८ मिलिमीटर जागा लागते. ती जास्त झाली तर माश्या तेथे पोळे बांधतात व चौकट निघत नाही. कमी झाली तर त्यांना जाता येत नाही. मापात चोख पेटी बनविणाऱ्या कारागिराला मधपाळ शोधत येतात.

विक्रीविषयी : मधकोठी चढविल्यानंतर साखरेचा पाक देणे बंद करावे. त्या पाकाचा बनलेला पदार्थ मध म्हणून विकणे ही उघड फसवणूक आहे. मापात खोट करणाऱ्यांना सूरह मुतफ्फिफीनमध्ये कठोर इशारा आहे, मग वस्तूतच खोट करणाऱ्याची काय गत? बाटलीवर हंगाम व फुलोरा खरा लिहावा. ग्राहक एकदा फसतो, विश्वास बसला तर पिढ्यान्पिढ्या येतो.

ज्यांना रीतसर शिकायचे आहे त्यांनी महाबळेश्वर येथील मध संचालनालयाकडे किंवा १९६२ साली पुण्यात स्थापन झालेल्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेकडे चौकशी करावी. महाबळेश्वरजवळचे मांघर २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले, तेथील काम पाहण्यासारखे आहे. प्रारंभ दोन पेट्यांनी करावा. एक पावसाळा त्या सुखरूप पार पडल्या की मगच तिसरी घ्यावी. मेहनत आपली, बरकत देणारा अल्लाह.