तृतीयांश घोडा आणि सिंहगडचा घाट

चटणी वाटणारा घरातला मिक्सर साधारण 500 ते 750 वॉटचा असतो. आणि घाट चढवणारी इलेक्ट्रिक माउंटन बाइक? 250 वॉट! मिक्सरच्या निम्मी, कधी त्याहूनही कमी. हॉर्सपॉवरमध्ये मोजलं तर एका घोड्याचा तिसरा हिस्सा. मग एवढ्याशा मोटरनं चढ कसा चढतो? त्याचं उत्तर आपल्या पायांत आहे. रोज सायकल न चालवणारा धडधाकट माणूस तासभर सलग पॅडल मारून 75 ते 100 वॉट काढतो. जुना सीलिंग फॅन फिरायला लागते तेवढीच ही ताकद. आपल्या एका पंख्याला आणखी तीन पंख्यांची जोड मिळाली की चढाचं भय जातं.

सगळ्यांची मोटर सारखीच

हे 250 वॉट कायद्यातून आले आहेत. मोटर 250 वॉटच्या आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या मर्यादेत असेल, तर आपल्याकडे त्या सायकलीला नोंदणी लागत नाही आणि चालवणाऱ्याला लायसन्स लागत नाही. युरोपातही हेच दोन आकडे आहेत. म्हणून 30 हजारांची सायकल घ्या किंवा तीन लाखांची, कागदावर वॉट तेवढेच दिसतात. दुकानात वॉटची तुलना करत बसू नका. कुणी 500 किंवा 750 वॉटची मोटर 'लायसन्सची गरज नाही' म्हणून विकत असेल, तर तिथून सरळ बाहेर पडा. ती कायद्यानं सायकल राहत नाही.

सिंहगडचं गणित

बजेटमधल्या सायकलीचं खरं मोल बॅटरीवरून कळतं. बॅटरीवर दोन आकडे असतात, व्होल्ट आणि अँपिअर-अवर. त्यांचा गुणाकार म्हणजे वॉट-अवर, सायकलीची टाकी. 36 व्होल्ट गुणिले 10 म्हणजे 360. स्वस्त मॉडेलांत 36 गुणिले 5.8 असाही हिशेब सापडतो, म्हणजे जेमतेम 209.

आता ही टाकी घेऊन सिंहगडच्या डांबरी घाटाला लागू या. तुम्ही, सायकल, पाण्याची बाटली आणि डबा मिळून 100 किलो वजन धरा. 100 किलो 100 मीटर वर न्यायला 27 वॉट-अवर लागतात. हा निसर्गाचा दर आहे, इथे घासाघीस चालत नाही. पायथ्यापासून गाडीतळापर्यंतची चढाई सुमारे 600 मीटर, म्हणजे 160 वॉट-अवरच्या वर. मोटरमध्ये पाचवा हिस्सा तरी उष्णतेत जातो. तो धरला की आकडा 200 च्या पुढे! पाय नुसते ठेवून बसलात तर 209 ची टाकी पिठलं-भाकरी दिसायच्या आधीच रिकामी होण्याची भीती. निम्मा भार पायांनी उचललात तर मात्र तीच टाकी निम्मी शिल्लक ठेवून तुम्हाला वर पोचवेल.

जाहिरातीतले '50 किलोमीटर' सपाट रस्त्यावरचे, सर्वांत कमी मदतीवरचे असतात. डोंगराकडे जायचं असेल तर किलोमीटर विसरा आणि 27 हा आकडा खिशात ठेवा. माझं स्पष्ट मत आहे, घाटाची हौस असेल तर 350 वॉट-अवरच्या खाली जाऊ नये. रंग, डिस्प्ले, मोबाइल अ‍ॅप यांवरचे पैसे वाचवून मोठी बॅटरी घ्यावी.

आणि ती पूर्ण भरायला किती खर्च? विजेचं युनिट 10 रुपये धरलं तरी 360 ची बॅटरी चार रुपयांत भरते. एवढ्यात कटिंग चहासुद्धा येत नाही.

कल्पना 1895 ची

बजेट सायकलीत मोटर बहुधा मागच्या चाकाच्या हबमध्ये असते. अगदी हीच रचना ऑग्डेन बोल्टन या अमेरिकन गृहस्थानं 1895 मध्ये पेटंट करून ठेवली आहे! सव्वाशे वर्षांहून जुनी ही कल्पना बाजारात रुळायला मात्र फार वेळ लागला. 1993 मध्ये जपानमध्ये यामाहानं 'पास' नावाची सायकल आणली. पायांनी जितका जोर लावाल त्या प्रमाणात मोटर साथ देई. त्यासाठी लागणारा टॉर्क सेन्सर आजही महाग सायकलींतच जास्त दिसतो. स्वस्तात मिळतो तो केडन्स सेन्सर. त्याला पॅडल फिरतंय एवढंच कळतं, तुम्ही किती दम लावताय ते कळत नाही. म्हणून मोटर क्षणभर उशिरा जागी होते आणि मग एकदम ढकलते. सपाटीवर त्याची सवय होते, पण चढावर उभं राहून सुटताना तोल सांभाळावा लागतो. दोन सायकलींच्या किमतीत थोडाच फरक असेल आणि एकीत टॉर्क सेन्सर असेल, तर तिच्याकडे वळा.

हब मोटरचा एक स्वभाव ओळखून ठेवावा. तिला वेग आवडतो. खड्या चढावर ताशी चार-पाच किलोमीटरनं थ्रॉटल पिळत राहिलात, तर वीज चाकाऐवजी तापण्यात जाते. चढ सुरू होण्याआधीच गिअर हलका करा आणि पाय भराभर फिरवा. गिअरचा फायदा इथे फक्त पायांना होतो. पॅडलपाशी मोटर असलेल्या महागड्या मिड-ड्राइव्हमध्ये मोटरही गिअरमधूनच ओढते, म्हणून ती खडा चढ सहज घेते. मागच्या चक्रांतलं सर्वांत मोठं चक्र 28 ऐवजी 34 दातांचं असेल तर गुडघे दुवा देतील.

धूर निघणारे ब्रेक

माउंटन बाइकिंगचा जन्मच ब्रेकच्या धुरातून झाला. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत 1976 मध्ये काही तरुण जुन्या जाडजूड सायकली घेऊन डोंगरउतारावर शर्यती लावू लागले. एका उतारात मागच्या हबमधल्या ब्रेकचं ग्रीस जळून धूर निघायचा आणि प्रत्येक फेरीनंतर हब पुन्हा ग्रीसनं भरावा लागायचा. म्हणून त्या रस्त्याचंच नाव पडलं 'रीपॅक'.

तो धूर आपल्या घाटातही समजून घेण्यासारखा आहे. 100 किलोचं ओझं 600 मीटर खाली आणताना जी ऊर्जा सुटते, तिच्यात पावणेदोन लिटर पाणी उकळेल. पाहुण्यांनी घर भरलं तरी चहा पुरेल एवढं! थोडी वारा खातो, उरलेली सगळी ब्रेकच्या दोन पातळ चकत्यांवर येते. बहुतेक गिअरवाल्या हब मोटरींत उतारावर बॅटरी चार्जही होत नाही, कारण आतला क्लच चाक मोकळं सोडतो. म्हणून दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक हवेतच. ज्यांना घाट उतरायचे आहेत त्यांनी हायड्रॉलिक ब्रेकसाठी जास्तीचे पैसे खुशाल मोजावेत. केबलचे डिस्क ब्रेकही चालतात आणि गावातला मेकॅनिकही ते नीट करतो, पण पॅड झिजले की ते वेळेवर कसून घ्यावे लागतात. ब्रेक दाबताच मोटर बंद होते ना, हे दुकानातच तपासा.

हे पैसे आणायचे कुठून? शॉकअपमधून! स्वस्त सायकलीचा पुढचा शॉकअप बऱ्याचदा जड स्प्रिंगचा असतो. तो वजन वाढवतो आणि चढावर पॅडलचा जोर स्वतःच खातो. मागेही शॉकअप असलेली स्वस्त सायकल तर टाळाच. पवना धरणाच्या कडेचे मातीरस्ते किंवा कोकणातल्या जांभ्याच्या वाटा यांसाठी सव्वादोन इंची टायर आणि त्यात बेताची हवा एवढं पुरेसं असतं.

चाकाची गंमत

'29 इंची' माउंटन बाइक आणि रोडबाइकचं '700 सी' चाक, दोन्हींच्या रिमचं माप एकच, 622 मिलिमीटर! '27.5' म्हणजे फ्रेंचांचं जुनं '650 बी', 584 मिलिमीटर. नवी नावं, जुनी चाकं. तालुक्याच्या गावी ट्यूब सहज मिळते ती 26 इंची, म्हणजे 559 ची. लांब जाणाऱ्यानं आपल्या मापाची एक ट्यूब सीटखाली बांधून ठेवावी.

पाऊस आणि विमान

पाणी-धुळीपासून किती संरक्षण आहे ते माहितीपत्रकातला 'आयपी' आकडा सांगतो. आयपी 67 मधला 6 धुळीसाठी आणि 7 पाण्यासाठी. सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरणं. आयपीएक्स 4 म्हणजे चहूबाजूंचे शिंतोडे सोसणं, आणि धुळीची चाचणी नोंदलेलीच नाही. ताम्हिणीत जुलैमध्ये जायचं असेल तर हा फरक मोठा आहे. धुताना मात्र प्रेशर पंप लावू नका, ओल्या फडक्यानं पुसा. कोकणच्या खाऱ्या हवेत चार दिवस राहून आलात तर कनेक्टर आवर्जून पुसून घ्या.

विमानानं मात्र ही सायकल बॅटरीसकट नेता येत नाही. प्रवासी विमानात 160 वॉट-अवरच्या वरची लिथियम बॅटरी चालत नाही, आणि आपली सर्वांत लहान टाकीसुद्धा 209 ची.

हौस किती पसरलीय?

2019 मध्ये ई-माउंटन बाइकची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा कॅनडात झाली. जर्मनीत 2023 मध्ये साध्या सायकलींपेक्षा इलेक्ट्रिक सायकली जास्त विकल्या गेल्या. आपल्याकडे हीरो लेक्ट्रो आहे आणि पुण्याची ईमोटोराड आहे. तिच्यात महेंद्रसिंह धोनीनं 2024 मध्ये पैसे गुंतवले. पन्नास हजारांच्या आत आज निवड करता येते, ही माझ्या मते फार आनंदाची गोष्ट आहे. गुडघे कुरकुरणाऱ्या आईबाबांना मुलांसोबत घाटात नेणारं दुसरं वाहन मला तरी माहीत नाही.

दुकानात दोन गोष्टी कागदावर लिहून घ्या, बॅटरीची वॉरंटी आणि नव्या बॅटरीची किंमत. 36 व्होल्टच्या बॅटरीत सेलचे 10 गट एकामागे एक जोडलेले असतात. एक गट थकला की सगळी बॅटरी थकते, आणि सायकलीतला सर्वांत महाग भाग तोच.

मग मोटर बंद करून एक किलोमीटर चालवून पाहा. या सायकली 20 ते 25 किलोंच्या असतात, साधी माउंटन बाइक 14-15 ची. गडाच्या अर्ध्यावर चार्ज संपला तर हेच वजन तुमच्या पायांवर येणार आहे. आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत असाल, तर पैसे देण्याआधी सायकल दोन्ही हातांनी उचला आणि दुकानाच्या पायऱ्या एकदा चढून उतरा.