क्यूजीआयएस (तिसरी आवृत्तीमालिका)

क्यूजीआयएस ही संगणकावर नकाशे तयार करण्याची, त्यांचे संपादन व विश्लेषण करण्याची मुक्तस्रोत आज्ञावली आहे. गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये तिची सुरुवात केली. जीएनयू सार्वजनिक परवान्याखाली ती विनामूल्य उपलब्ध असून विंडोज, मॅकओएस आणि लिनक्सवर चालते. तिची तिसरी मालिका फेब्रुवारी २०१८ मध्ये ३.० 'जिरोना' या आवृत्तीने सुरू झाली. या मालिकेत साधारणतः दर चार महिन्यांनी नवी आवृत्ती येते आणि वर्षातून एक आवृत्ती दीर्घकालीन समर्थनासाठी निवडली जाते. कार्यालयीन किंवा अभ्यासाच्या कामासाठी हीच आवृत्ती वापरणे श्रेयस्कर मानले जाते.

प्रस्तुत लेखात या मालिकेतील काही सोयींचा परिचय ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांच्या संदर्भात करून दिला आहे. सह्याद्रीचा उतार, मुंबईला पाणी पुरवणारे जलाशय, विखुरलेले पाडे आणि वनजमिनींवरील दावे यांमुळे या सोयींचे बळ आणि त्यांच्या मर्यादा येथे स्पष्ट दिसतात.

साठवणीचे स्वरूप आणि देवनागरी

३.० पासून नवी माहिती साठवण्यासाठी शेपफाइलऐवजी जिओपॅकेज हे स्वरूप मूलनिवड म्हणून आले. वरकरणी तांत्रिक वाटणारा हा बदल मराठी वापरकर्त्यांसाठी मात्र बराच मोठा आहे. शेपफाइलमधील रकान्याच्या नावाला केवळ १० बाइट जागा असते आणि यूटीएफ-८ संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रांसह, ३ बाइट घेते. त्यामुळे रकान्याला 'गाव' हे नाव देता येते (९ बाइट), 'पाडा' हे देता येत नाही (१२ बाइट); 'मुरबाड' किंवा 'वनहक्क' तर दूरच. जिओपॅकेजमध्ये ही अडचण नाही. शिवाय शेपफाइलचा एक स्तर निरनिराळ्या प्रत्ययांच्या अनेक फायलींत विभागलेला असतो आणि त्यांतील एखादी पाठवायची राहिली की स्तर निकामी होऊ शकतो. जिओपॅकेजमध्ये अनेक स्तर एकाच फायलीत राहतात.

उंचीचा छेद

जून २०२२ मधील ३.२६ 'ब्वेनोस आयरेस' या आवृत्तीत उंचीचा छेद दाखवणारे साधन मूळ आज्ञावलीतच समाविष्ट झाले. नकाशावर रेघ ओढली की त्या रेघेवरील जमिनीचा चढउतार आलेखरूपाने दिसतो. त्यासाठी भूरूपाच्या उंचीचा स्तर आवश्यक असतो आणि तो उंची दर्शवतो हे त्या स्तराच्या गुणधर्मांत नमूद करावे लागते.

भातसा, तानसा आणि मोडकसागर ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. त्यांचे पाणी मुंबईला जाते, तर याच तालुक्यातील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. याचे कारण केवळ भौगोलिक नाही. पाणी कोणासाठी राखीव आहे हा प्रश्न नकाशाबाहेरचा आहे. तथापि भूगोलाचा वाटा छेदावरून कळतो. धरण नदीच्या खोऱ्यात आणि पाडा डोंगराच्या सोंडेवर असेल, तर नकाशावर जवळ दिसणारे पाणी उपसून चढवावे लागते आणि उंचीबरोबर विजेचा खर्च वाढतो. याउलट घाटमाथ्यावरील इगतपुरी तालुक्यातील भावली धरणातून शहापूरकडे रेघ ओढल्यास छेद उतरता दिसतो. भावलीवर आधारित योजना गुरुत्वबळाने पाणी आणण्याच्या तत्त्वावर का आखली गेली, हे अशा एका आलेखावरून विद्यार्थ्याला समजू शकते.

विनामूल्य मिळणारे उंचीचे स्तर बहुधा ३० मीटरच्या चौकटींचे असतात. माहुली किंवा आजोबा यांसारख्या कड्यांजवळ एकाच चौकटीत उंची झपाट्याने बदलते. म्हणून असा छेद प्राथमिक अंदाजापुरताच ग्राह्य धरावा; जलवाहिनीच्या आखणीसाठी प्रत्यक्ष मोजणीला पर्याय नाही.

काळाचा पट आणि वनहक्क दावे

जून २०२० मधील ३.१४ 'पाय' या आवृत्तीत कालनियंत्रक आला. प्रत्येक स्तराला कालखंड नेमून दिल्यास निरनिराळ्या वर्षांच्या उपग्रह प्रतिमा क्रमाने पाहता येतात. जुन्या नकाशांना स्थाननिर्देश देण्याचे साधन आधीपासून होतेच, ३.२६ पासून ते रेखास्वरूपाच्या स्तरांनाही लागू झाले.

वनहक्क कायदा, २००६ नुसार वैयक्तिक दाव्यासाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो आणि कमाल ४ हेक्टर क्षेत्र मान्य होते. शहापूर आणि मुरबाडमधील ठाकूर, कातकरी व महादेव कोळी कुटुंबांसाठी ही तारीख निर्णायक आहे. नियमांतील पुराव्यांच्या यादीत उपग्रह प्रतिमाही आहे. पण लॅंडसॅट प्रतिमेतील एका चौकटीचे क्षेत्र ९०० चौरस मीटर असते, आणि १० गुंठे म्हणजे सुमारे १,०१२ चौरस मीटर. एवढे शेत त्या प्रतिमेत जेमतेम एका ठिपक्याएवढे असते. उतारावरचा नाचणी-वरईचा तुकडा त्यात गवताळ जमिनीपासून वेगळा ओळखणे अवघड. १० मीटर तपशिलाचे सेंटिनेल-२ उपग्रह २०१५ पासूनचे, म्हणजे मुदतीनंतरचे आहेत. तेव्हा प्रतिमेत शेत दिसत नाही म्हणून ते नव्हतेच, असा निष्कर्ष निघत नाही. २०१२ च्या सुधारित नियमांतील १२अ(११) ही तरतूदही हेच सांगते: उपग्रह प्रतिमा अन्य पुराव्यांना पूरक ठरू शकते, त्यांची जागा घेऊ शकत नाही.

हातातल्या जीपीएसने केलेल्या मोजणीलाही हेच लागू पडते. १० गुंठ्यांच्या चौरस तुकड्याच्या चारही सीमा ३ मीटरने आत सरकल्या, तर क्षेत्र सुमारे एक तृतीयांशाने घटते. क्षेत्र काढताना स्तर अंशांमध्ये असल्यास प्रतल क्षेत्राचे उत्तर निरर्थक येते. या दोन्ही तालुक्यांसाठी यूटीएम ४३ उत्तर ही प्रक्षेपण प्रणाली योग्य आहे.

जुन्या सामग्रीचा वापर

३.० मध्ये आज्ञावली पायथन ३ वर गेल्याने दुसऱ्या मालिकेसाठी लिहिलेल्या पूरक आज्ञावली बदल केल्याशिवाय चालत नाहीत. जुने स्तर उघडतात, परंतु त्यांतील आशय तपासून घ्यावा लागतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. त्यापूर्वीच्या ठाणे जिल्ह्याच्या स्तरात जव्हार, मोखाडा, वाडा हे तालुकेही समाविष्ट असतात. असा स्तर तसाच वापरल्यास जिल्ह्याच्या एकूण आकडेवारीत शहापूर व मुरबाडचा वाटा प्रत्यक्षाहून कमी दिसतो.