पूर म्हणजे पापाची शिक्षा नव्हे

राधानगरी धरण भरून भोगावतीचे पाणी पात्राबाहेर आले, की एक वाक्य हमखास कानावर येते : "त्यांच्याच घरात पाणी शिरलं, काहीतरी पाप असणारच. देवाचा न्याय!" ख्रिस्ती प्रार्थनासभांतही हे ऐकावे लागते, आणि तेही बायबलच्या नावाने. ते खपवून घेता कामा नये.

गैरसमज : ज्याच्यावर संकट, तो पापी.

वस्तुस्थिती : राधानगरीचे सातही स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक पातळीला पोहोचले की उघडतात. खाली कोण राहते, याचा त्याच्याशी संबंध नाही. २०१९ च्या महापुराची कारणे तपासणाऱ्या वडनेरे समितीनेही अतिवृष्टी आणि नदीकाठची अतिक्रमणे यांकडे बोट दाखवले.

आता बायबल. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेले. ते यरुशलेमातल्या इतरांपेक्षा अधिक अपराधी होते असे समजू नका, असे येशूने बजावले आणि ऐकणाऱ्यांनाच पश्चात्ताप करायला सांगितले (लूक १३:४-५). त्याच २०१९ च्या पुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटून जे बुडाले, त्यांनाही हेच उत्तर लागू आहे. जन्मांध माणसाबद्दल "पाप कुणाचे, याचे की आईबापांचे?" असे शिष्यांनी विचारले, तेव्हा येशूने दोन्ही पर्याय नाकारले (योहान ९:३). ईयोबाच्या दुःखामागे त्याचे पाप शोधणाऱ्या मित्रांवर तर देवच रागावला (ईयोब ४२:७). याहून स्पष्ट आणखी काय सांगायचे?

"मग नोहाचा जलप्रलय? सदोम?" असे लगेच विचारले जाते. त्या ठिकाणी शिक्षेचे कारण देवाने स्वतः सांगितले आहे, शेजाऱ्याने अंदाजाने ठरवलेले नाही. कर्माला फळ असते, हे गलतीकरांस ६:७ सांगतेच. पण पेरले ते उगवते म्हणून, पुरात कुजलेले पीक पाहून बियाणेच खोटे होते असे म्हणता येत नाही.

गैरसमज : आजार ही देवाची शिक्षा. तसे मानले असते, तर डॉ. वान्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन इस्पितळ उभारलेच नसते.

गैरसमज : जुन्या करारातला देव कठोर, नव्यातला फक्त प्रेमळ. निर्गम ३४:६ मध्ये तो दयाळू आणि मंदक्रोध आहे. मत्तय २५ मध्ये न्यायनिवाडाही आहे.

गैरसमज : 'डोळ्याबद्दल डोळा' म्हणजे सूड घ्यायची मुभा. ती शिक्षेची मर्यादा आहे, आणि अनुवाद १९ मध्ये ती न्यायाधीशांच्या चौकशीनंतर येते.

गैरसमज : क्षमा मिळाली की भरपाई नको. जकातदार जक्कयाने लुबाडलेल्यांना चौपट परत द्यायचे कबूल केले (लूक १९:८).

गैरसमज : न्याय देव करील, आपण गप्प बसावे. रोमकरांस १२:१९ सूड उगवायला मनाई करते. पण त्याच्या पुढच्याच वचनात भुकेल्या शत्रूलाही जेवू घालायला सांगितले आहे. मीखा ६:८ तर न्यायाने वागण्याची मागणीच करते. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार मुली-बायकांना आणून आसरा दिला. दुष्काळ कुणाच्या पापामुळे पडला, याचा निवाडा करत त्या बसल्या नाहीत.

देवाच्या न्यायावर विश्वास ठेवणाऱ्याने आधी स्वतःचा हिशेब तपासावा. आणि यंदा नदीकाठच्या घरात पाणी शिरले, तर पाप शोधू नका. कोरडे कपडे आणि शिजलेले अन्न घेऊन जा, चिखल काढायला हात लावा, पंचनाम्याच्या वेळी सोबत उभे राहा.