विश्लेषण : फोटो हाती, मूल मात्र चीनमध्येच! परदेशात जाऊन दत्तक मूल आणण्याची वाट का बंद झाली?

मूल ठरले होते. त्याचा फोटो आणि वैद्यकीय अहवाल हाती आला होता. उरला होता फक्त त्याला आणण्यासाठीचा प्रवास. २०२०च्या सुरुवातीला अमेरिकेतील शेकडो कुटुंबे या टप्प्यावर होती. करोनामुळे प्रवास थांबला. साडेचार वर्षे वाट पाहिल्यावर त्यांना कळले, की तो आता होणारच नाही.

चीनने नेमके काय ठरवले?

५ सप्टेंबर २०२४ रोजी चीनच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवक्त्या माओ निंग यांनी सांगितले, की यापुढे चिनी मुले दत्तक म्हणून परदेशी पाठवली जाणार नाहीत. अपवाद एकच. तीन पिढ्यांपर्यंतच्या रक्ताच्या नात्यातील मूल किंवा सावत्र मूल दत्तक घेण्यासाठी येणाऱ्या परदेशी व्यक्तींना मुभा राहील. कारण विचारल्यावर आंतरराष्ट्रीय करारांशी सुसंगत निर्णय, एवढेच उत्तर मिळाले. ज्यांची मुले आधीच ठरली होती त्यांचे काय? अपवादात न बसणारे कोणतेही प्रकरण, मग ते कुठल्याही टप्प्यावर असो, पुढे नेले जाणार नाही असे चीनने अमेरिकी दूतावासाला कळवले. यातील अनेक मुलांना अपंगत्व किंवा गंभीर आजार आहेत. आपल्याला कोणीतरी न्यायला येणार आहे, हे त्यातल्या मोठ्या मुलांना सांगूनही झाले होते.

हा प्रवास कसा असे?

साधारण दोन आठवड्यांचा. आधी मूल ज्या प्रांतातले, त्याच्या राजधानीत जायचे. तिथल्या सरकारी कार्यालयात अनाथालयाच्या दाई मुलांना घेऊन येत आणि नाव पुकारले की मूल नव्या आईवडिलांच्या हातात दिले जाई. आईवडिलांसाठी हा आनंदाचा क्षण. पण वर्ष-दीड वर्षाच्या मुलासाठी ओळखीचा एकमेव चेहरा दूर जाण्याचा. बहुतेक मुले आक्रोश करत. काही अगदी गप्प होत, आणि ते जास्त काळजीचे असे.

मग नोंदणी, नोटरी, मुलाचा चिनी पासपोर्ट. अनाथालयासाठी देणगीही ठरलेली होती. सुरुवातीला तीन हजार डॉलर, नंतर ३५ हजार युआन. हे सोपस्कार होईपर्यंत मुक्काम हॉटेलात. दूध कुठले, झोप कशी लागते, भात चालतो की नाही, हे सगळे तिथेच शिकायचे.

मूल कुठल्याही प्रांतातले असो, अमेरिकी कुटुंबांचा शेवटचा थांबा ग्वांगझू. दत्तक मुलांचे अमेरिकी व्हिसा तिथल्याच वाणिज्य दूतावासात मिळत. तिथल्या शामियान बेटावरचे व्हाइट स्वान हॉटेल अशा कुटुंबांनी इतके भरलेले असे, की चिनी बाळ कडेवर घेतलेली बार्बी खास त्यांच्यासाठी मॅटेल कंपनीने बनवली होती. वैद्यकीय तपासणी, व्हिसा आणि परतीचे विमान. २००१ पासून लागू झालेल्या कायद्यामुळे, दत्तकविधान चीनमध्येच पूर्ण झालेले मूल अमेरिकेच्या भूमीवर दाखल होताच तिथले नागरिक होऊ लागले.

वाट उघडली कशी आणि मिटली का?

एक अपत्य धोरणाच्या काळात टाकून दिलेल्या मुलींनी अनाथालये भरली होती. १९९२ मध्ये दत्तक कायदा लागू झाला आणि परदेशी पालकांसाठी दार उघडले. तेव्हापासून दीड लाखाहून अधिक मुले चीनबाहेर गेली, त्यातली निम्म्याहून अधिक अमेरिकेत. २००५ हे सर्वाधिक मुले अमेरिकेत गेल्याचे वर्ष. त्या एका वर्षात सुमारे ७,९०० मुले गेली. त्याच वर्षी हुनान प्रांतातील काही अनाथालये दलालांकडून बाळे विकत घेत असल्याचे उघड झाले. देणगीची रक्कम ठरलेली असली, की मुलांनाही भाव येतो, हे तेव्हा स्पष्ट दिसले.

पुढे नियम कडक झाले, देशातच दत्तक घेणारे वाढले आणि परदेशी जाणाऱ्यांत विशेष गरजा असलेली मुलेच प्रामुख्याने उरली. एक अपत्य धोरण २०१५ मध्ये संपले. २०२२ पासून चीनची लोकसंख्याच घटू लागली. लोकसंख्या घटत असताना मुले बाहेर पाठवणे चीनला रुचणार नव्हते, हे उघड आहे. पण ज्या मुलांना देशात कोणी घेत नव्हते, त्यांच्याबाबत हा युक्तिवाद लंगडा पडतो.

भारतातून मूल नेता येते का?

चीनची वाट बंद झाली, भारताची नाही. मात्र १९९३च्या हेग कराराला भारताने २००३ मध्ये मान्यता दिली. त्यामुळे दोन्ही देशांच्या यंत्रणांची संमती आधी आणि मूल ताब्यात नंतर, हा क्रम मोडता येत नाही. आपल्याकडे ही यंत्रणा म्हणजे ‘कारा’. अनिवासी भारतीयांना येथे निवासी भारतीयांच्या बरोबरीने प्राधान्य मिळते.

परदेशातील मराठी कुटुंबांची फसगत बहुधा नात्यातल्या मुलाबाबत होते. भावाचे मूल, घरचीच संमती, गुरुजींकडून दत्तकविधी, निबंधकांकडे दस्त. आता तिकीट काढायचे, असा समज असतो. गावात या दस्ताला मान असला तरी मूल परदेशी न्यायला तो पुरत नाही. ‘कारा’चे ना हरकत प्रमाणपत्र लागते. अमेरिकेत तर उलटच अडचण होते. तिथल्या सरकारची प्राथमिक मंजुरी येण्याआधी दत्तकविधान उरकले, तर हेग करारानुसारचा अर्ज त्याच कारणाने नाकारला जाऊ शकतो. शिवाय हा अर्ज फक्त अमेरिकी नागरिकालाच करता येतो. ग्रीन कार्ड असून भागत नाही. मूल १६ वर्षांचे होण्याआधी तो दाखल व्हावा लागतो. म्हणून विधीचा मुहूर्त काढण्याआधी आपण राहतो त्या देशातील मान्यताप्राप्त दत्तक संस्थेशी बोलावे. मूल घरी पोहोचल्यानंतरही दोन वर्षे त्याच्या प्रगतीचे अहवाल भारतात पाठवावे लागतात. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी.